भाडं कशाचं भरतो आपण?

साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी रोममधला एक माणूस शहर सोडून निघाला. त्याचं नाव उंब्रिशियस. जुव्हेनाल नावाच्या रोमन कवीच्या तिसऱ्या उपहासकवितेत तो भेटतो. सगळं घर एका गाडीत मावतंय, इतकंच त्याचं सामान. गाडी भरून होईपर्यंत तो वेशीपाशी थांबून मित्राला, म्हणजे कवीला, आपण का चाललोय ते सांगतो. यादी लांबलचक आहे. इमारती कोसळतात, आगी लागतात, रात्रभर गाड्यांच्या खडखडाटाने डोळा लागत नाही, गर्दीत कुणाचं कोपर बरगडीत बसेल आणि खिडकीतून डोक्यावर काय पडेल याचा नेम नाही, आणि परमुलखातल्या लोकांनी शहर भरून गेलंय. (ही शेवटची तक्रार तो फार चवीने आणि फार वेळ करतो. महागड्या शहराबद्दलचं बोलणं दहा मिनिटांत बाहेरून आलेल्यांवर घसरतं, ते तेव्हाही घसरायचं.) या सगळ्यात एक वाक्य असं आहे की ते कालच कुणीतरी बोललंय असं वाटावं. रोममध्ये एका अंधाऱ्या खोलीचं जे वर्षाचं भाडं, तेवढ्यात सोरा, फाब्रातेरिया किंवा फ्रुसिनो या लहान गावांत उत्तम घर विकत मिळतं!

हिशेब बिनतोड आहे. तरीही कवी त्याच्याबरोबर गाडीत बसत नाही. मित्राला निरोप देतो, त्याने घेतलेला निर्णय योग्य आहे असंही म्हणतो, आणि स्वतः मात्र रोमचाच राहतो.

मला या दोघांचंही पटतं, कारण मी आधी कवी होते आणि नंतर उंब्रिशियस झाले. चौदा वर्षं अशा एका शहरात काढली जिथे पगाराचा निम्मा भाग महिन्याच्या पाच तारखेला घरमालकाकडे जायचा. आता लहान गावात राहते. जिथे जाईन तिथे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, सुटलीस. दुसरे म्हणतात, हरलीस. दोघांनाही उत्तर द्यायचा मी आता कंटाळा करते, पण ज्या प्रश्नावर ते भांडत असतात तो मला महत्त्वाचा वाटतो. महागड्या, सगळ्यांना हव्याशा वाटणाऱ्या शहरात राहणं परवडतं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. काहींना परवडतं, तेही काही वर्षं. आणि ज्यांच्या हातांवर ते शहर चालतं त्यांना आता बहुतेक परवडत नाही. यातला पहिला भाग ज्याच्या-त्याच्या खिशाचा आहे. दुसरा सगळ्यांचा आहे.

आधी ही महागाई येते कुठून ते पाहू. आपण सवयीने म्हणतो, घरमालक लोभी झालेत. लोभी घरमालक लहान गावातही असतो. त्याला तिथे कुणी विचारत नाही, इतकाच फरक. १८१७ साली डेव्हिड रिकार्डोने शेतजमिनीबद्दल एक गोष्ट दाखवून दिली होती: जमिनीला खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असतं म्हणून जमिनीला खंड मिळतो. शहराचंही तेच आहे. तिथे आल्यावर काहीतरी मिळतं म्हणून माणसं येतात, आणि त्या ‘काहीतरी’ची किंमत जमीन वसूल करते. जेनिफर रोबॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९८२ साली हा विचार नीट बांधून दिला. कंपनी महाग जागेत टिकून राहते ती तिथे काम जास्त होतं म्हणून. माणूस महाग घरात टिकतो तो पगार जास्त आहे म्हणून, किंवा हवा, समुद्र, करमणूक, मोकळेपणा यातलं काहीतरी त्याला हवं आहे म्हणून. घरभाडं हे या सगळ्याचं मिळून एकच बिल असतं.

या बिलात गोम अशी की त्यातल्या गोष्टी सुट्या मिळत नाहीत. ज्याला समुद्राचं काही पडलेलं नाही तोही समुद्राचे पैसे भरतो. जिला रात्री नऊला झोप येते तीही मध्यरात्रीपर्यंत जाग्या असणाऱ्या रस्त्यांचे पैसे भरते. व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी भरून दोनदाच जाणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, आपल्यातल्या काहींनी तर आरशात. महागड्या शहरातले कित्येक रहिवासी तसेच असतात. फरक एवढाच की व्यायामशाळेची वर्गणी पुढच्या वर्षी भरायची नाही असं ठरवता येतं.

मी बाराव्या वर्षी एकदा हा हिशेब मांडला होता. डिसेंबरात जुनी डायरी चाळताना सहज सुचलं म्हणून. वर्षभरात नाटकं तीन, त्यातल्या एकाला मध्यंतरात उठून आले. संग्रहालय एकदा, ते बाहेरगावचे पाहुणे आले होते म्हणून. व्याख्यानं शून्य. टिकलेल्या नवीन ओळखी दोन. आणि कामावर जाऊन येण्यात रोजचे पावणेतीन तास, म्हणजे वर्षाचे जवळजवळ सातशे. जागेपणीचे तास धरले तर त्रेचाळीस दिवस मी त्या वर्षी दांड्याला लोंबकळत होते. नाटकं तीन आणि लोंबकळण्याचे दिवस त्रेचाळीस! आणि तरी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी इथे राहते ते इथल्या सांस्कृतिक जीवनासाठी.

पण याच शहराने मला पहिल्या सात-आठ वर्षांत जे दिलं ते दुसरीकडे मिळालं नसतं, हेही तितकंच खरं. माझं काम मजकूर तपासण्याचं. नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं की शुद्धलेखन आलं की हे काम आलं. शेजारच्या टेबलावर एक वयस्क सहकारी बसायचे. ते मजकूर वाचताना मधूनच पेन्सिल खाली ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. ते कुठे थांबतात हे मी चोरून पाहू लागले. चूक जिथे असते तिथे ते थांबत नव्हते. लेखकाला स्वतःला काय म्हणायचंय ते कळलेलं नाही, अशा जागी थांबायचे. हे मला कुणी शिकवलं नाही, मी टेबलाशेजारी बसून उचललं. खाली त्याच रस्त्यावर आमच्यासारखी आणखी पाच-सहा ऑफिसं होती. दुपारी पायऱ्यांवर त्या सगळ्या ऑफिसांतली माणसं भेटायची आणि कुठे काय चाललंय, कोण कसं काम करतं, कुणाकडे जागा रिकामी आहे, हे आपोआप कानावर पडायचं.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली नेमकं हेच टिपलं होतं. एकाच धंद्यातले लोक एका जागी जमले की धंद्याची गुपितं गुपितं राहत नाहीत, ती हवेतच असतात. त्याच्याही आधी, १७७६ साली, ॲडम स्मिथने हमालाचं उदाहरण दिलं होतं. नुसतं ओझी वाहण्यावर पोट भरायचं तर मोठं शहरच लागतं, खेड्यात तेवढं ओझंच नसतं. हमाल लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आधुनिक काळात याची मोजदादही झाली आहे. होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी स्पेनमधल्या कामगारांच्या नोकऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं मागे जाऊन तपासल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की माद्रिद-बार्सेलोनासारख्या मोठ्या शहरात माणूस गेला की पगार लगेच थोडा वाढतो, पण खरी वाढ हळूहळू, अनुभवातून होते. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. तो माणूस नंतर लहान गावी गेला तरी मोठ्या शहरात कमावलेल्या अनुभवाची किंमत बरीचशी त्याच्याबरोबर जाते. म्हणजे शहर एखाद्या शाळेसारखं आहे. फी जबर आहे, पण शिकलेलं काढून घेत नाहीत.

शाळा म्हटलं की ओघाने दुसरा प्रश्न येतोच: पास झाल्यावर तिथे किती दिवस बसायचं? मी पहिली आठ वर्षं शिकत होते. नंतरची सहा वर्षं फी भरत होते. त्या सहा वर्षांत मी नवीन काही उचललं असेल तर ते नगण्य, कारण तोवर शेजारच्या टेबलावरची ज्येष्ठ मीच झाले होते. तरी राहिले. का, तर ‘अजून एक वर्ष बघू’. दर भाडेकराराला हेच वाक्य. इतकी वर्षं काढली ती फुकट जातील ही एक भीती, आणि एकदा निघालो की परत यायचं दार बंद, ही दुसरी. पहिली भीती खोटी आहे, गेलेलं भाडं गेलेलंच असतं. दुसरी बरीचशी खरी आहे. लहान गावात घर विकून मोठ्या शहरात परतणं हे चढणीवर गाडी ढकलण्यासारखं असतं. म्हणून जे शहर सोडायला कचरतात त्यांना मी भित्रे म्हणत नाही.

शिक्षणापलीकडेही काही गोष्टी बिलात असतात, आणि त्या काही माणसांसाठी इतर सगळ्यांपेक्षा मोठ्या असतात. नवरा-बायको दोघांचीही कामं विशेष कौशल्याची असतील तर दोघांना एकाच गावी काम मिळणं ही मोठ्या शहराचीच देणगी. शिकलेली जोडपी मोठ्या शहरांत का एकवटतात याचा अभ्यास करणाऱ्या डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी २००० साली हेच कारण पुढे केलं होतं. आणि मग मोकळेपणा. मध्ययुगीन जर्मन मुलखात रिवाज होता की जमीनदाराचा बांधील कुळकरी शहरात पळून आला आणि एक वर्ष एक दिवस तिथे टिकला, तर तो मुक्त. शहराची हवा माणसाला मोकळं करते अशी म्हणच जर्मन भाषेत त्यावरून पडली. आज कायद्याने कुणी बांधील नसलं तरी ‘कोणाची कोण’ हे न विचारलं जाण्याचं सुख ज्यांना जन्मगावी कधी मिळालं नाही, अशा बाईला, अशा पुरुषाला, घरच्यांना न पटणाऱ्या जोडप्याला, अंधारी खोलीसुद्धा स्वस्त वाटते. त्यांना लहान गावातल्या अंगणाच्या गोष्टी सांगणं हा आगाऊपणा आहे. मी स्वतः तो एकदा केलाय आणि समोरच्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरलेले नाही.

आता बिलात न छापलेल्या रकमा. त्यात सगळ्यात मोठी रक्कम वेळेची, आणि तिथे माणूस हमखास फसतो. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ साली मांडलं की माणसं कुठल्याही काळात दिवसाला सरासरी तासभर प्रवासाला देतात. वाहनं वेगवान झाली की वेळ वाचत नाही, शहर पसरतं. महागड्या शहरात मात्र हा तास कुणाला मिळेल हे पैसा ठरवतो. जवळ राहणं परवडत नाही तो लांब जातो, आणि भाड्यात वाचवलेले पैसे आयुष्याच्या तासांत फेडतो. यात निदान सौदा बरोबरीचा असेल, असं अर्थशास्त्र म्हणेल. लांब राहणाऱ्याला मोठं घर किंवा बरा पगार मिळाला असणार, नाहीतर तो गेलाच नसता. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस श्टुट्झर या स्विस अभ्यासकांनी जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या पाहणीवर हे ताडून पाहिलं आणि २००८ साली लिहिलं की तसं होत नाही. ज्यांचा प्रवास लांब ते आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळले. भरपाई पुरेशी होतच नाही. माझा अंदाज असा की जास्तीच्या खोलीची सवय महिन्याभरात होते आणि ती दिसेनाशी होते. गर्दीची सवय होत नाही, कारण ती रोज वेगळ्या तऱ्हेने त्रास देते.

या वादात सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ‘हे शहर परवडतं का’ असं विचारताना आपण कधीच विचारत नाही की बोलणाऱ्याचं घर स्वतःचं आहे की भाड्याचं. एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन दारांमागे दोन वेगळी शहरं असतात. भाडी चढली की एका दारामागे चिंता आणि दुसऱ्या दारामागे, उघड कुणी म्हणत नसलं तरी, समाधान. लिसा डेटलिंग आणि मेलिसा कर्नी यांनी अमेरिकेतली आकडेवारी तपासून २०१४ साली दाखवलं की घरांच्या किमती वाढल्या की स्वतःचं घर असणाऱ्यांमध्ये मुलं होण्याचं प्रमाण वाढतं आणि घर नसणाऱ्यांमध्ये घटतं. किंमत तीच, एका घरी पाळणा हलतो आणि दुसऱ्या घरी लांबणीवर पडतो. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी घर घेतलेले काका जेव्हा सांगतात की शहर सोडू नकोस, कष्ट केले की सगळं होतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतात. ते दुसऱ्या शहराबद्दल बोलत असतात. त्यांना त्या शहरात राहण्याचे पैसे मिळतात, त्यांच्या पुतणीला भरावे लागतात.

आता हमालाकडे येऊ.

स्मिथच्या हमालाला शहर लागत होतं आणि शहराला हमाल. शतकानुशतकं हा सौदा कसाबसा का होईना दोघांना परवडत आला. अमेरिकेपुरता तो कधी मोडला हे पीटर गॅनाँग आणि डॅनियल शोआग यांनी २०१७ सालच्या अभ्यासात दाखवलं. दक्षिणेकडच्या गरीब राज्यांतून न्यूयॉर्कच्या परिसरात येणारे दोन जण त्यांनी तोलून पाहिले, एक वकील आणि एक झाडूवाला. १९६० साली घरखर्च वजा जाता दोघांचाही फायदा होता, उलट झाडूवाल्याचा प्रमाणात जास्त. २०१० साली वकिलाचा फायदा कायम होता. झाडूवाला मात्र घरखर्च वजा केल्यावर तोट्यात होता. पगार न्यूयॉर्कला अजूनही जास्तच होता, पण तो सगळा घरमालकाकडे जाऊन वर खिशातले पैसे लागत होते. डेव्हिड ऑटर यांनी २०१९ साली दुसऱ्या बाजूने हेच मांडलं. कॉलेज न शिकलेल्या माणसाला पूर्वी मोठ्या शहरात अधिक कौशल्याची, मधल्या दर्जाची कामं मिळायची. कारखान्यातली, ऑफिसातली. ती कामं गेली. उरली ती झाडणं, पोचवणं, राखण करणं, सांभाळणं. या कामांत दहा वर्षांनी पगार चढत नाही. म्हणजे मी मघाशी शहराला शाळा म्हटलं, त्या शाळेत या लोकांना वर्गात प्रवेश नाही. ते वर्ग झाडून घेतात, आणि फी मात्र सगळ्यांइतकीच भरतात.

इथे ‘नाही परवडत तर जा ना’ हे उत्तर अगदी तोंडावर असतं. मला ते उर्मट वाटतं, पण त्याहून जास्त ते अर्धवट वाटतं. जाणारे जातातच. पण ज्यांनी हे वाक्य उच्चारलं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी इमारत झाडलेली हवी असते, रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका हवी असते, मुलांच्या शाळेत शिक्षक हवा असतो. शहर या लोकांना घालवत नाही, फक्त त्यांची झोपायची जागा दोन तास लांब सरकवतं. मग त्यांच्या चार तासांच्या प्रवासावर बाकीच्यांचं सांस्कृतिक जीवन उभं राहतं. माझंही राहिलं होतं. सकाळी मी गाडीत चढायची तेव्हा आमच्या ऑफिसच्या पायऱ्या पुसून झालेल्या असायच्या, आणि त्या पुसणारी बाई कितीला उठते हे चौदा वर्षांत मी एकदा विचारलं. तिने सांगितलं. त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

महागाई ही हवामानासारखी आपोआप येते असं मानणाऱ्यांशी मी इथे फारकत घेते. शहरात राहण्याची ओढ आपोआप येते हे कबूल. पण ओढ वाढली की घरं वाढवायची की भाडी, हे माणसं ठरवतात. जपानमध्ये जमीनवापराचे नियम मुळात देशपातळीवर ठरतात, गल्लीतल्या शेजाऱ्यांना नवी इमारत अडवायला फार वाव मिळत नाही, आणि टोकियोने वर्षानुवर्षं भरपूर घरं बांधली. परिणाम असा की त्या अवाढव्य महानगरात दशकंच्या दशकं भाडी इतर बड्या शहरांच्या मानाने आटोक्यात राहिली. (गेल्या काही वर्षांत तिथेही नवे फ्लॅट भयंकर महागलेत, तेव्हा टोकियोची पूजा बांधायला नको.) व्हिएन्नाने वेगळी वाट धरली. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या नगरपालिकेने १९२३ साली घरांवर चढता कर बसवला, म्हणजे जितकं आलिशान घर तितका जास्त, आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं स्वतः बांधली. १९३० साली पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत किलोमीटरभर लांब आहे आणि तिथे आजही लोक राहतात. आजच्या व्हिएन्नात जवळजवळ निम्मी माणसं नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, आणि त्यात मध्यमवर्गीयही आहेत, त्यामुळे अशा घरात राहणं हा कपाळावरचा शिक्का होत नाही.

नुसती भाडी गोठवणं हा उपाय मला मनापासून आवडला असता. भाडेकरू म्हणून मी त्याच्या बाजूने मत दिलंही असतं. पण सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ साली भाडेनियंत्रण लहान इमारतींनाही लागू झालं, त्याचा माग स्टॅनफर्डच्या रेबेका डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली काढला. जे भाडेकरू आधीपासून आत होते ते टिकून राहिले, त्यांचं भलं झालं. घरमालकांनी मात्र घरं भाड्याच्या बाजारातून काढून घेतली, कायदा लागू झालेल्या इमारतींतली भाड्याची घरं १५ टक्क्यांनी घटली आणि शहरभरची भाडी ५.१ टक्क्यांनी चढली. आतल्याला छत्री मिळाली ती बाहेरच्याच्या डोक्यावरून काढून. नवी घरं बांधल्याशिवाय यातून सुटका नाही. आणि घरं बांधायला सगळ्यात मोठा विरोध समोरच्या दारामागचे काका करतात, दृश्य बिघडतं म्हणून. काका प्रेमळ आहेत, माझ्या आजारपणात त्यांनी औषधं आणून दिली होती. पण नगरपालिकेच्या सुनावणीला ते न चुकता जातात आणि पुतणी कामावर असते.

‘लोकप्रिय’ या शब्दाचंही एक आहे. राहायला येणाऱ्यांमुळे शहर लोकप्रिय होणं वेगळं आणि बघायला येणाऱ्यांमुळे होणं वेगळं. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. आता ५० हजारही उरलेली नाहीत. सगळं जग तिथे जाऊ इच्छितं आणि तिथली पोरं तिथे राहू शकत नाहीत. बार्सेलोनाने २०२४ साली जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने देण्याच्या १०,१०१ घरांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. हे कितपत जमेल ते पुढे दिसेल. पण खोली रोजच्या बोलीवर पर्यटकाला देण्यात जर महिन्याच्या भाडेकरूपेक्षा जास्त मिळकत असेल, तर ती कुठल्या बाजूला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

घरून काम करण्याने हा सगळा पेच सुटेल असं २०२० नंतर काही काळ वाटलं होतं. काहींचा सुटलाही, माझा त्यातच सुटला. पण मी आठ वर्षं पायऱ्यांवर बसून मग घरी गेले. बावीस वर्षांच्या पोराने पायऱ्या न पाहताच खोलीत बसून सुरुवात केली तर तो हवेतलं काय उचलणार? निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवास कंपनीत केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तितकंच चांगलं काम करूनही त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण घटलं. डोळ्याआड झालेला माणूस बढतीच्या यादीतूनही आड होतो. आणि ज्या लहान गावांत घरून काम करणारे आम्ही येऊन पडलो तिथली भाडी आम्हीच चढवली. माझ्या घरमालकीणबाई हे मला हसत सांगतात. मी आले त्या वर्षी खालच्या खोलीतल्या शिकवणीच्या मास्तरांनी घर बदललं. योगायोग असेल, असं मी स्वतःला सांगते.

स्वस्त म्हणजे फायद्याचं, असाही समज करून घेऊ नये. १९५० साली डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख लोक होते, २०२० साली साडेसहा लाखांहूनही कमी. मधल्या काळात तिथे घरं मातीमोल झाली, पण ती ज्या कारणाने मातीमोल झाली त्याच कारणाने तिथे दिवे, बस आणि शाळा चालवायला पैसा उरला नाही, आणि २०१३ साली शहरानेच दिवाळखोरी जाहीर केली. असतील शिते तर जमतील भुते, आणि शिते संपली की घर कितीही मोठं असो, त्यात राहून करायचं काय? उलट लंडन १९३९ नंतर जवळजवळ पन्नास वर्षं ओसरत होतं, तेव्हा ते सोडून जाणाऱ्यांना सगळे शहाणे म्हणत होते. कुठलं शहर पुढे कसं वळेल हे भल्याभल्यांना ओळखता आलेलं नाही.

तेव्हा माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या मुलांना मी एवढंच विचारते की तुझ्या शेजारच्या टेबलावर कोण बसतं. उत्तर देताना डोळे चमकले तर मी म्हणते, दे भाडं, पोटाला चिमटा घे पण दे. उत्तर यायला वेळ लागला तर भाडेकरार कधी संपतोय ते विचारते. आणि ज्यांच्या कामात शेजारचं टेबलच नसतं, ती मुलं माझ्याकडे सल्ला मागायला येत नाहीत.

जुव्हेनालची कविता शेवटी पुन्हा वेशीपाशी येते. उंब्रिशियसचं बोलणं अजून संपलेलं नाही, आणखी कितीतरी कारणं सांगता येतील असं तो म्हणतो. पण सूर्य कलतोय, खेचरं अस्वस्थ झालीत. रोमला कंटाळून तू कधी आपल्या आक्विनुम गावी विसाव्याला आलास तर मलाही बोलाव, असं तो कवीला सांगतो, म्हणजे कवी रोमलाच राहणार आणि अधूनमधून थकणार हे दोघांनाही ठाऊक आहे. रात्रीच्या ज्या गाड्यांच्या आवाजाने झोप उडते म्हणून तो मघाशी करवादला होता, तसल्याच एका गाडीत त्याचा संसार भरलेला आहे. गाडीवान केव्हापासून चाबूक हलवून चला म्हणून खुणावतोय. तीनशेहून जास्त ओळींच्या त्या कवितेत दोन मित्र शहराच्या महागाईबद्दल एवढं बोलतात, पण तो गाडीवान रात्री कुठे झोपतो आणि तिथलं भाडं किती, हे दोघांपैकी कुणीच त्याला विचारत नाही.